डोक्याला मार लागल्यावर मुलाचा चेहरा सुजला तर: पहिल्या पाच मिनिटांपासून पुढच्या पंधरवड्यापर्यंत

मूल पायरीवरून घसरतं आणि कपाळावर आपटतं. बघता बघता सुपारीएवढं टेंगूळ येतं. थोडं रडून मूल शांत होतं, खेळायला लागतं, रात्री नीट जेवून झोपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोळे उघडत नाहीत इतक्या पापण्या सुजलेल्या असतात, नाकाचा वरचा भाग फुगलेला असतो आणि एका डोळ्याखाली निळसर काळं पडलेलं असतं. घरात एकच घबराट उडते, कारण मार कपाळाला लागला होता, डोळ्याला नाही.

बहुतेक वेळा ही सूज मेंदूतून आलेली नसते. ती वरून खाली उतरलेली असते. तरीही थोड्या मुलांमध्ये हीच सूज हाड मोडल्याची किंवा आत रक्त साचल्याची खूण ठरते. दोन्हींतला फरक घरात बसून बऱ्यापैकी ओळखता येतो, पण त्यासाठी सुजेच्या आकाराकडे बघत बसून उपयोग नाही. बघायच्या गोष्टी तीन: मुलाचं वय, मार डोक्याच्या नेमक्या कोणत्या भागाला लागला, आणि मूल वागतंय कसं.

सूज खाली का उतरते

डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून छोट्या धक्क्यानेही टेंगूळ पाच-दहा मिनिटांत वर येतं. या कातडीखाली एक सैल थर आहे आणि तो कवटीवरून पुढे कपाळापर्यंत, तिथून थेट पापण्यांपर्यंत पोचतो. कपाळाचा स्नायू भुवईपाशी हाडाला घट्ट चिकटलेला नसतो, त्यामुळे टेंगळातलं रक्त आणि पाणी उभं राहिल्या-बसल्या हळूहळू खाली सरकतं. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ आणि सैल. थोडंसं पाणी आलं तरी ती टम्म फुगते. मार मधोमध लागला असेल तर दोन्ही डोळे सुजतात, एका बाजूला लागला असेल तर आधी त्या बाजूचा आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी दुसराही.

हिचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. टेंगूळ पहिल्या काही तासांत वाढायचं थांबतं. पापण्यांची सूज दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त दिसते. रात्रभर आडवं झोपल्यामुळे सकाळी जास्त असते, दुपारपर्यंत थोडी ओसरते. चौथ्या-पाचव्या दिवशी काळेपणा गालावर उतरतो, मग हिरवट-पिवळा होतो आणि १० ते १४ दिवसांत जातो. सावळ्या मुलांमध्ये निळा रंग फारसा उठत नाही. तिथे पापणीची चकाकी आणि गडद तपकिरी छटा बघावी.

सूज या क्रमाने चालली आहे आणि मूल खातं-पितं-खेळतं आहे, तर दिसायला कितीही भयंकर असली तरी घाबरायचं कारण नाही. क्रम मोडला तर मात्र थांबू नका.

पहिली पाच मिनिटं

मूल पडलं की झटकन उचलून छातीशी धरायची आपली सवय. फार उंचावरून पडलं असेल, गाडीची धडक असेल किंवा ते मान दुखते म्हणत असेल तर उचलू नका. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून तिथेच ठेवा, कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा. साधी पडझड असेल तर मांडीवर घ्या आणि रडणं ऐका. लगेच मोठ्याने रडलं ही चांगली खूण. पडल्यावर काही क्षण निपचित पडलं, मग रडलं असेल तर किती वेळ निपचित होतं हे लक्षात ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार. ‘बराच वेळ’ हे उत्तर त्यांच्या कामाचं नाही, ‘एक ते दहा मोजण्याइतका’ हे आहे.

नंतर बोटांच्या पेरांनी केसांतून हलका हात फिरवा. कान मागे-पुढे करून बघा. टेंगूळ कपाळावर आहे की कानाच्या वर, मागे किंवा डोक्याच्या बाजूला? टणक आहे की बोट लावल्यावर पाणी भरल्यासारखं मऊ, दबणारं? दाबून बघू नका, फक्त स्पर्श करा. टेंगळाची कड टणक आणि मध्य मऊ लागला की हाड आत गेलंय असं वाटतं. पुष्कळदा ते नुसतं साकळलेलं रक्त असतं. पण ते घरी ठरवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

रक्त येत असेल तर स्वच्छ धुतलेला रुमाल घडी करून सलग दहा मिनिटं दाबून धरा. मध्ये मध्ये काढून बघितलं की साकळलेलं रक्त निघतं आणि पुन्हा सुरुवातीपासून करावं लागतं. खाली हाड खचल्यासारखं लागत असेल तर मात्र दाबू नका, हलकं झाका आणि निघा. जखम उघडी राहिली असेल तर टाके शक्यतो ६ ते ८ तासांत पडावेत. लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्या. दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा त्रिगुणीचा बूस्टर झालाय की नाही यावर धनुर्वाताचं इंजेक्शन ठरतं.

जखमेत हळद, कॉफी पावडर, चुना, तंबाखू काहीही भरू नका. टाके घालण्याआधी डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं. तो त्रास मुलालाच होतो, आणि जखम पिकण्याची भीती वाढते ती वेगळीच.

लगेच दवाखाना गाठायचा तो कधी

वयापासून सुरुवात करू. तीन महिन्यांच्या आतलं बाळ डोक्यावर पडलं, तर काही दिसत असो वा नसो, डॉक्टरांना दाखवा. वर्षाच्या आतल्या बाळाला कपाळ सोडून कुठेही, म्हणजे बाजूला, कानावर किंवा मागे, मऊ टेंगूळ आलं असेल तर तेही त्याच दिवशी. लहान बाळाची कवटी पातळ असते आणि बाजूच्या हाडाला चीर पडली की वर असं मऊ टेंगूळ उठतं. कधी कधी ते दुसऱ्या दिवशी, न्हाऊ घालताना आज्जीच्या हाताला लागतं. ‘काल पडलं होतं, आज काय’ असं म्हणून सोडू नका.

लहान मुलांच्या डोक्याच्या माराबद्दल जगभर वापरले जाणारे नियम २००९ साली अमेरिकेतल्या चाळीस हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून निघाले. त्यात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याच्या ज्या खुणा आहेत, त्या घरीही बघता येतात: पाच सेकंद किंवा जास्त वेळ शुद्ध हरपणं, कपाळ सोडून इतरत्र टेंगूळ, हाताला लागणारी मोडतोड, तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडणं, गुंगी किंवा बेचैनी, आणि ‘हे आमचं नेहमीचं पोर नाही’ असं आईला वाटणं. ही शेवटची खूण नियमात मुद्दाम घातलेली आहे. डॉक्टरांसमोर हे स्पष्ट सांगायला संकोच करू नका.

तीन फूट म्हणजे किती? घरातली कॉट साधारण दीड-दोन फूट असते. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा तीन फुटांच्या जवळपास, आणि त्यावर बसवलेल्या मुलाचं डोकं त्याहून बरंच वर. जिन्याच्या पाच पायऱ्या गडगडत आलेलं मूल, वॉकरसकट पायऱ्यांवरून गेलेलं बाळ, मोटारसायकलच्या टाकीवरून उडालेलं पोर, उसाच्या ट्रॉलीवरून किंवा आंब्याच्या झाडावरून पडलेला मुलगा, डोक्यात नारळ बसलेली मुलगी, ही सगळी मोठ्या मारात धरायची. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी उंचीची मर्यादा पाच फूट आहे. शिवाय शुद्ध हरपणं, उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा एकच प्रश्न परत परत विचारणं यांतलं काहीही असेल तर थांबायचं नाही.

उलटीचं थोडं समजून घ्या. घाबरून आणि रडून एखादी उलटी पुष्कळ मुलांना होते. दुसरी झाली की निघायची तयारी करा, आणि तिसरीची वाट बघू नका.

आता चेहऱ्यावर आणि डोक्यावर दिसणाऱ्या अशा खुणा, ज्या साध्या उतरत्या सुजेत बसत नाहीत.

कपाळाला, नाकाला किंवा डोळ्याला मार लागलेला नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. मागे आपटलं आणि काही तासांनी डोळे काळे पडले, तर कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची शंका घ्यायची. कानाच्या मागच्या उंचवट्यावर निळं पडणं हीही तीच खूण, आणि ती पुष्कळदा एक-दोन दिवसांनी उमटते. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ काही ठिबकत असेल, विशेषतः पुढे वाकल्यावर एकाच नाकपुडीतून, तर ते सर्दीचं समजू नका. नाकात बोळा कोंबू नका, शिंकरायला लावू नका. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त पसरलंय आणि त्याची मागची कड दिसतच नाही, तर डोळ्याच्या खोबणीच्या हाडाला इजा असू शकते.

कानाच्या वरच्या बाजूच्या माराला डॉक्टर इतके घाबरतात, त्याला कारण आहे. तिथलं हाड सगळ्यात पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. ती फाटली की कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं. मूल काही वेळ ठीक असतं, बोलतं, खातंही. मग काही तासांनी डोकं धरतं, ओकतं, गुंगीत जातं. वेळेत ऑपरेशन झालं तर असं मूल बहुतेक वेळा पूर्ण बरं होतं. मधला ठीकठाक काळ बघून घरात बसलं तर जीव जाऊ शकतो.

झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका.

घरात एखाद्याला जखमेतून रक्त थांबत नसण्याचा आजार असेल, मुलाला आधी साध्या खरचटण्यातून खूप रक्त गेलं असेल, डोक्यात साचणारं पाणी काढण्यासाठी नळी बसवली असेल, तर वरच्या यादीतलं काही नसतानाही दाखवाच. रक्ताचा आजार असलेल्या मुलाचं टेंगूळ थांबत नाही. तासातासाने वाढत साऱ्या डोक्यावर पसरतं. लहान बाळात एवढं रक्त कातडीखाली गेलं की ते पांढरंफटक पडतं.

कुठे जायचं, काय सांगायचं

बेळगाव शहरात असाल तर बीम्सचं, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं, सिव्हिल हॉस्पिटल किंवा नेहरूनगरचं केएलई हॉस्पिटल ही दोन्ही मोठी ठिकाणं आहेत. चंदगडकडचे लोकही पुष्कळदा इकडेच येतात. निपाणी भागातून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडतं, तिथे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबी, लोंढा पट्ट्यातल्या लोकांना पावसाळ्यात रस्त्याचा वेळ धरावा लागतो. म्हणून तिथे निर्णय एक पायरी आधी घ्यायचा. शहरातलं घर ‘बघू रात्रभर’ म्हणू शकतं, घाटमाथ्यावरच्या वाडीने अंधार पडायच्या आत निघावं. वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्र लागलं तर श्वास, नाडी बघून घ्या आणि जखम झाकून घ्या, पण धोक्याची खूण असताना तिथे अडकू नका. निघण्याआधी एक फोन करून ‘सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का’ एवढं विचारलं तर रात्रीची एक फेरी वाचते.

१०८ ची आरोग्य कवच सेवा कर्नाटकात २००८ पासून आहे. फोन उचलणारा कन्नड बोलेल. घाबरलेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत, म्हणून चार वाक्यं फोनजवळ लिहून ठेवा: ‘मगुविन तलेगे पेट्टागिदे’ म्हणजे मुलाच्या डोक्याला मार लागलाय, ‘वांति आगुत्तिदे’ म्हणजे उलट्या होताहेत, ‘प्रज्ञे इल्ल’ म्हणजे शुद्ध नाही. चौथं वाक्य तुमच्या गावाचं नाव आणि जवळची ठळक खूण. रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाका, सरकारी योजनेला लागतात.

डॉक्टरांना खरं सांगा. मोठ्या भावाने ढकललं, गाडीवरून पडलं, कुणाच्या हातून निसटलं, काय असेल ते. गाडीच्या अपघातात हॉस्पिटल पोलिसांत नोंद करतं म्हणून ‘घरात पडला’ असं सांगणारे असतात. त्याने मुलाची तपासणी चुकीच्या दिशेने जाते. किती उंचीवरून, कशावर (माती, शहाबादी, सिमेंट), किती वाजता, उलट्या किती, औषध कुठलं आणि किती वाजता दिलं, हे कागदावर लिहून न्या.

प्रत्येक मुलाला सीटी लागत नाही. त्यात किरणोत्सर्ग असतो आणि वाढत्या मेंदूला तो विनाकारण नको. खुणा मध्यम असतील तर डॉक्टर चार ते सहा तास नजरेखाली ठेवतात. तो उपचारच आहे, टाळाटाळ नाही. डोक्याचा साधा एक्स-रे मेंदूबद्दल काही सांगत नाही, त्यामुळे ‘फोटो तरी काढा’ हा आग्रह धरू नका.

चेहरा नीट तपासा

डोकं ठीक आहे म्हटल्यावर चेहरा राहून जातो. इथे काही गोष्टी अशा आहेत की चुकल्या तर आयुष्यभर खूण राहते.

डोळा सुजून बंद होण्याआधीच, म्हणजे पहिल्या काही तासांत, नजर तपासा. एक डोळा झाकून दुसऱ्याने बोटं मोजायला लावा. लहान असेल तर रंगीत खेळणं फिरवून नजर मागे जाते का बघा. वर, खाली, दोन्ही बाजूंना. वर बघताना एक डोळा अडकतो, दोन-दोन दिसतं किंवा वर बघितलं की मळमळतं, तर खोबणीच्या तळाचं हाड मोडून स्नायू त्यात चिमटला असू शकतो. मुलांमध्ये हे फसवं असतं. डोळा बाहेरून जवळजवळ पांढरा, सूज नाममात्र, पण पोर ओकतं आणि डोळे मिटून पडून राहतं. स्नायू फार काळ अडकला तर निकामी होतो, म्हणून ऑपरेशन एक-दोन दिवसांत लागतं. बुबुळापुढे रक्ताची पातळी दिसली, बाहुली वेडीवाकडी दिसली किंवा डोळ्यातून पाणी गळून तो मऊ पडल्यासारखा वाटला, तर पापणी ओढून उघडू नका, बर्फ ठेवू नका. दाब येणार नाही अशा रीतीने झाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

नाक आपटलं असेल तर टॉर्च लावून दोन्ही नाकपुड्यांत बघा. मधल्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी जांभळट, मऊ फुगवटा आणि नाक पूर्ण चोंदलेलं, हे पडद्यात साकळलेलं रक्त. ते त्याच दिवशी काढावं लागतं. दोन-तीन दिवस राहिलं तर आतलं कूर्चा मरतं आणि नाकाचा दांडा बसतो. बाहेरून नाक सरळ दिसत असलं तरी हे बघायचंच.

हनुवटीवर पडलेल्या मुलाचं दुखणं पुष्कळदा कानापुढे असतं, कारण धक्का जबड्याच्या सांध्यापर्यंत जातो. तोंड पूर्ण उघडतं का, दात पहिल्यासारखे जुळतात का, कानातून रक्त येतं का, बघा. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जात असेल तर सांध्याचं हाड मोडल्याची शंका घ्या.

दुधाचा दात पडला तर परत बसवू नका, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. कायमचा दात पडला तर मुळाला हात न लावता, वरच्या भागाला धरून उचला, दुधाने किंवा साध्या पाण्याने क्षणभर धुवा आणि जमलं तर त्याच जागी बसवून रुमाल चावायला द्या. नाहीतर थंड दुधात बुडवून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत दंतवैद्य गाठा. कोरड्या रुमालात गुंडाळलेला दात वाचत नाही.

बर्फ, झोप आणि घरगुती उपाय

बर्फाचा खडा थेट कातडीवर नको. सुती कापडात गुंडाळा किंवा थंड पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल घ्या. दहा मिनिटं ठेवा, काढा. जागं असेल तेव्हा दोन-तीन तासांनी पुन्हा, पहिले २४ तास. फ्रीज नसेल तर माठातल्या पाण्याची पट्टी चालते. डोळ्यावर दाब देऊ नका. मूल ओरडत असेल तर जबरदस्ती नको, रडण्याने चेहऱ्यात रक्त चढतं आणि बर्फाचा फायदा तिथेच संपतो.

टेंगूळ जिरवायला तांब्याचं भांडं किंवा नाणं दाबणं, तेल लावून चोळणं, गरम कापडाने शेकणं हे सगळं टाळा. फुटलेल्या बारीक नसा अजून मिटत असतात. चोळलं की त्या पुन्हा वाहतात आणि शेकलं की सूज वाढते. हळद-चुन्याचा लेप कपाळावर लावायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. कळकळीने सांगतो, मुलाच्या कपाळावर चुना लावू नका. तो घामाने, पाण्याने डोळ्यात उतरला तर बुबुळ भाजतं आणि नजर कायमची जाऊ शकते. उतरला असेल तर लगेच चांगलं अर्धा तास वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि तसंच दवाखान्यात न्या. नुसती हळदही नको, तिच्या पिवळेपणात कातडीचा रंग बदललेला कळत नाही.

मार लागल्यावर झोपू द्यायचं नाही, हा समज फार पक्का आहे. झोपेची वेळ असेल तर झोपू द्या. थकलेल्या, रडलेल्या मुलाला जागं ठेवून ते आणखी चिडचिडं होतं आणि मग चिडचिड कशाची हेच कळत नाही. पहिल्या रात्री कुणी तरी एकाने शेजारी झोपावं. दवाखाना लांब असेल तर रात्रीत एक-दोनदा, साधारण तीन तासांच्या अंतराने हलकं उठवा. कुरकुर करून कूस बदलली, नाव घेतल्यावर ‘हूं’ केलं, दोन्ही हातपाय हलवले तर पुरे. उठतच नाही, एक हात लुळा पडतो, घोरणं विचित्र आहे, तर निघा. वर्षावरच्या मुलाच्या डोक्याखाली एक उशी जास्त ठेवा, सकाळची सूज थोडी कमी होते. तान्ह्या बाळाला उशी नको, दिवसा जास्त वेळ उभं धरा.

औषध

दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. डोस वजनावर असतो, वयावर नाही: एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम, १२ किलोच्या मुलाला १८०, १६ किलोच्याला २४०.

चूक होते ती बाटलीत. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे १२ किलोला साडेसात मिलिलिटर होतात. ५ मिलिलिटरमध्ये २५० असलेल्या सिरपचे फक्त ३.६. आणि थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे ८ किलोच्या बाळाला १.२ मिलिलिटर पुरे. थेंबांचं औषध सिरपच्या चमच्याने दिलं तर चौपट डोस जातो. बाटलीबरोबरचं मापच वापरा, चहाचा चमचा नको. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांशिवाय देऊ नका.

मेडिकलमध्ये ‘तापाचं, दुखण्याचं द्या’ म्हटलं की पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड असलेलं सिरप हातात येतं. नावं सारखी दिसतात. बाटलीच्या मागचा घटकांचा मजकूर वाचा. ही दोन्ही औषधं रक्त साकळण्याच्या आड येतात, म्हणून पहिले दोन दिवस नकोत. अॅस्पिरिन मुलांना कधीच नको. नाइमसुलाइड या ताप-दुखण्याच्या औषधाला बारा वर्षांखाली २०११ पासून देशात बंदी आहे, घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या. सर्दीचं गुंगी आणणारं सिरप आणि उलटी थांबवायचं औषधही स्वतःच्या मनाने देऊ नका, पहायच्या दोन्ही खुणा त्याने झाकल्या जातात.

दुसऱ्या दिवसापासून

रोज सकाळी एकाच जागी, खिडकीच्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोनवर फोटो काढा. तीन दिवसांचे फोटो शेजारी ठेवले की सूज उतरतेय की चढतेय हे घरातल्या वादावादीशिवाय कळतं आणि डॉक्टरांनाही दाखवता येतं.

उतरती सूज गार, मऊ आणि फारशी न दुखणारी असते. तिसऱ्या दिवसानंतर तीच गरम, लालभडक, ठणकणारी झाली, ताप आला तर त्यात पू होतोय. लालीच्या कडेवर बॉलपेनने रेघ ओढा आणि लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी जा. डोळा पुढे आल्यासारखा दिसतो, हलवताना दुखतो, कमी दिसतं, तर दिवसाचीही वाट नको, संसर्ग डोळ्यामागे गेलेला असतो. नाक शिंकरल्यावर पापणी अचानक टम्म फुगली आणि बोट लावल्यावर चुरचुर लागली, तर मोडलेल्या हाडातून हवा शिरली आहे. शिंकरणं बंद आणि दवाखाना.

कधी कधी आपण टेंगळाला दोष देतो आणि कारण वेगळंच असतं. काळेनिळे अजिबात नाही, दोन्ही पापण्या रोज सकाळी सुजतात, संध्याकाळी पाय जड, लघवी कमी आणि फेसाळ, तर तो मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. लघवीची साधी तपासणी लगेच सांगते. कानापुढे, जबड्याच्या कोनावर सूज आणि ताप असेल तर गालगुंड, गालाच्या खालच्या भागात एकाच बाजूला ठणका असेल तर किडलेला दात, आणि खाजरी, मिनिटांत चढलेली सूज असेल तर कीटकाचा चावा किंवा अॅलर्जी. त्यात ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला तर १०८.

शाळा, सायकल, झाडावर चढणं याची घाई नको. एक-दोन दिवस मोबाइल-टीव्ही कमी, डोकं दुखणं पूर्ण थांबल्यावर शाळा, आणि पळापळीचे खेळ त्यानंतर. मधल्या काळात पुन्हा डोक्याला मार बसला तर दुखणं फार लांबतं, म्हणून वर्गशिक्षकांना आणि तालमीत जात असेल तर वस्तादांना सांगून ठेवा.

सूज गेल्यावर कपाळावर वाटाण्याएवढी टणक गाठ काही आठवडे, कधी दोन-तीन महिने राहते. ती हळूहळू लहान होत गेली पाहिजे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या कवटीला चीर पडल्याचं निदान झालं असेल, तर दोन-तीन महिन्यांनी त्या जागी पुन्हा हात फिरवून बघा. तिथे परत मऊ फुगवटा आला असेल किंवा तो रडताना ठसठसत असेल, तर चीर जुळायच्या ऐवजी रुंद होत चाललेली असू शकते. अशा मुलाला जुने कागद आणि स्कॅनसकट न्यूरोसर्जनकडे न्यायचं, बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन, त्याच आठवड्यात.